सरकत्या दाराची हातोटी

गॅरेजमधल्या बाकावर बसून एक बाई आपली गाडी दुरुस्त होण्याची वाट बघत होत्या. हातात मासिक होतं, पण कान शेजारी उभ्या असलेल्या नवराबायकोकडे लागले होते. समोर त्या दोघांची जुनी, आत राहायची सोय असलेली कॅम्पर व्हॅन उभी होती आणि तिचं सरकतं दार अर्ध्यावर अडकलं होतं.

“दार ठणठणीत आहे,” नवरा म्हणत होता. “फक्त उघडायची हातोटी हवी.”

“ती तुमच्याकडेच आहे ना! म्हणून तर परवा मी दुपारभर आत उकडत बसले आणि तुम्ही तळ्यावर गळ टाकून बसलात.”

“मग हाक मारायचीस.”

“मारली की. माशांनी ऐकली असेल.”

“अगं, जरा उचलायचं, मागे दाबायचं, मग ओढायचं. किती वेळा शिकवलं तुला! आणि ग्रीस तर मी दर रविवारी चोपडतो.”

“म्हणूनच दाराच्या खाचेत जगभरची वाळू चिकटलीय.”

मेकॅनिक हात पुसत आला. “खालचा रोलर झिजलाय. नवा टाकला की कुणीही एका बोटानं दार सरकवेल.”

“नको, नको. नुसतं साफ करून द्या. मला सवय आहे त्याची.”

“बघितलंत?” बायको मेकॅनिकला म्हणाली. “दार सुधारलं तर यांना हाक कोण मारणार?”

“उगाच काहीतरी बोलू नकोस. उद्या सकाळी निघायचंय आपल्याला.”

“रोलर बदलला तर आपल्याला. नाहीतर तुम्हाला.”

“बरं, बदला बाबा. पण जुना टाकू नका, मला द्या.”

“कशाला हो?” बायकोनं विचारलं.

“असू दे. कधी परत बसवावासा वाटला तर.”

“दादा, तो जुना माझ्या हातात द्या.”