हिरव्या टोपणाचा गुण

…आणि वर आमची प्रयोगशाळेतली मॅडम मलाच विचारते, "मावशी, दुखत नसेल ना हो त्याला?" आता काय बोलणार? उंदराला सुई टोचून झोपवायचं, पाठ भादरायची, बटणाएवढं कातडं गोल कापून काढायचं, आणि तो शुद्धीवर आला की विचारायचं, दुखतंय का! अगं बये, तुझ्या पाठीचं एक बटण काढते, मग सांग मला! पण नाही, मॅडमला पानाचा गुण बघायचाय ना!

पान तरी कसलं? प्रयोगशाळेच्या कुंपणाला माजलेलं झुडूप, शेळीसुद्धा हुंगून पुढं जाते. तो पाला वाळवला, कुटला, स्पिरिटमध्ये भिजवला, आटवला, आणि तो चिकट अर्क मलमात घोटला. तीन वर्षं हेच! मी चौथी शिकलेली, मला कोण विचारतंय? माझं काम धरायचं. उंदराची मान दोन बोटांत अशी पकडायची, की बोंबलायचीही सोय नको.

तर एका तुकडीत चोवीस उंदीर. बारांना लाल टोपणाचं मलम, बारांना हिरव्या. एकात अर्क, दुसऱ्यात नुसतं मलम, वर सारखाच काळा रंग. कशात काय ते मॅडमलाही ठाऊक नाही! मोठ्या साहेबांनी पाकिटात लिहून कपाटात घातलंय, म्हणजे कुणी लाडक्या बाटलीचे लाड करायला नकोत. लालवाले मॅडमकडे, हिरवेवाले माझ्याकडे. दोन वेळा जखम धुवायची, टिपायची, मलम लावायचं, वर पातळ कागद ठेवून जखमेची कड गिरवायची. मॅडम धुणार कशी? तर नखाला लागू नये अशी! आणि चौदाव्या दिवशी काय माहितीय? बरा झालेला उंदीर मारायचा! कातडं आतून कसं भरलंय ते बघायला! म्हटलं, "मॅडम, मारायचाच होता तर बरा कशाला केला?" तर म्हणते, "मावशी, गुण बघायचाय!"

बघा बाई गुण. माझ्या घरी तर गुणांची खाणच खाटेवर पडलेली! सासूबाई. राहायच्या धाकट्या दिराकडे, पण साखरेच्या दुखण्यानं टाच चिघळली, तसा त्यानं आईला पिशवीसकट माझ्या दारात आणून सोडली. तेव्हापासून, "हा चहा आहे का पाय धुतलेलं पाणी?" आमचे हे भिंतीकडं तोंड करून झोपतात. डॉक्टर म्हणाले, जखम भरली नाही तर पाय कापायचा. म्हणजे जन्मभर माझ्याच गळ्यात! आणि सासूबाई काय म्हणतात? "पाय टेकू दे, एक दिवस थांबणार नाही तुझ्या घरात!" अहाहा! बावीस वर्षांत इतकं गोड कधी बोलल्या नव्हत्या हो!

म्हणून मग मी… हसू नका, पोलिसांत सांगा हवं तर… हिरव्या टोपणातलं डब्याच्या झाकणात घालून घरी आणलं. माझे हिरवेवाले नवव्या दिवशीच केस धरायला लागले होते, लालवाल्यांचं नुसतं पाणी वाहतंय! घरी सगळं प्रयोगशाळेसारखं. धुवा, टिपा, लावा, कड गिरवा. मान तेवढी धरली नाही. मोह फार झाला!

उंदरांची एक तुकडी मेली, दुसरी मेली, तिसरी मेली, आणि टाच भरली! पार भरली! मी आनंदानं त्यांची पिशवी भरून दारात ठेवली आणि कामावर आले.

तर तिथं पाकीट फोडलेलं. पानाचा अर्क लाल टोपणात! हिरव्यात काही नाही, नुसतं मलम! मॅडम टेबलावर डोकं ठेवून रडतेय, तीन वर्षं पाल्यात गेली. साहेब कागद उलटसुलट बघतात, माझ्याकडं बघतात. "मावशी, हे उंदीर कुणी धुतले?" म्हटलं, "मी." तर हसत म्हणतात, "मग गुण पानात नाही, तुमच्या हातात आहे!"

खरं सांगते, छाती फुगली हो! माझ्या हाताला गुण! असं कुणी म्हटलंय का जन्मात? तशीच फुगत घरी आले, तर दारात पिशवी नाही. म्हटलं, गेली सासू एकदाची!

कुठली जातेय! दोन्ही पायांवर उभी राहून स्वतःच्या हातानं कपडे परत माझ्या कपाटात लावत होती. म्हणाली, "धाकट्याकडं गेले आणि परत चिघळलं म्हणजे? तिथं कोण आहे माझं? तुझ्या हाताला गुण आहे गं सूनबाई. आता मरेपर्यंत हलायची नाही मी. आणि हा दुसरा पाय बघ जरा, ठणकतोय."

उंदीर बरा झाला की चौदाव्या दिवशी सुटतो. मी कितव्या दिवशी? जाऊ दे. म्हटलं, आणा इकडं. माझं काम धरायचं… दिवसभर उंदरांची मान, आणि घरी आलं की हिचे पाय.