एकाच खात्यावर दोघं

हॅलो?… हो, मीच. माझा फोन दुसरं कोण उचलणार?… एका रिंगमध्ये उचलला? असेल. हातातच होता.

काय झालं?… बंद पडलं? कुणाचं गाणं बंद पडलं?… अगंबाई, तुझं? आत्ता?… हो, मी लावलं खरं. आत्ताच लावलं. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचे युनिफॉर्म आलेत ना, कंबर सैल करायला. मान खाली घालून मशीनवर बसायचं तर म्हटलं, जरा…

हो, हो… अरे ऐक ना… मला काय माहीत तुझ्या खुर्चीत गिऱ्हाईक बसलंय ते? मला इथून दिसतं का?… गालाला फेस, हातात वस्तरा आणि दुकानात एकदम शांतता? मग बोलायचं त्याच्याशी! गप्पा मारायला काय पैसे पडतात?… बोलायला लागू नये म्हणून तर गाणी लावतोस? धन्य आहे बाबा तुझी. केस कापणारा आणि मुखदुर्बळ.

आता गेला ना तो?… झाली ना दाढी? कान-बिन जाग्यावर आहे ना त्याचा?… मग झालं तर. एवढं काय आकाश कोसळलं?

रोज?… रोज कुठे रे. परवा एकदा झालं… आणि काल, हो, काल. आणि त्याच्या आधी… बरं, होतं बुवा. नाही म्हटलंय का मी?

अरे, समजतं मला ते. शंभर वेळा सांगू नकोस. गाण्यांचं खातं एकच, तू लावलंस की माझं थांबतं, मी लावलं की तुझं थांबतं. दोघांचं एकदम वाजत नाही. तूच तर जाताना माझ्या फोनवर घालून दिलंस सगळं. म्हणालास, आई, तुला जाहिराती ऐकायला नकोत, माझ्याच खात्यावर ऐक, आपलं एकात भागेल. मग भागतंय की.

काय केलंस?… वेगळं?… माझं वेगळं खातं? कुणी सांगितलं तुला नसते उद्योग करायला?

अरे, हो… दोघांचा प्लॅन आहे, कळलं. थोडेच जास्त लागतात, तेही कळलं. पण कशाला, म्हणते मी! मी काय ऐकते? फिरून-फिरून तीच चार गाणी. ती तर मला तोंडपाठ आहेत, फोनच्या मदतीशिवाय म्हणता येतात. आणि एवढ्या कोट्यवधी गाण्यांचं मी करू काय? या वयात पाठ करत बसू?

आवाज स्वच्छ येतो?… माझं मशीन ऐकलंयस ना? चालू झालं की भिंती हादरतात. त्यात तुझा तो स्वच्छ आवाज कुठल्या कोपऱ्यात बसणार आहे?

मला ते फुकटातलंच दे. जाहिरातीवालं… असू दे ना जाहिराती. ती मधे-मधे एक बाई येते ना, म्हणते, तुम्हाला अखंड संगीताचा आनंद घ्यायचाय का? छान बोलते. मी म्हणते तिला, नको गं बाई, तू येत जा… हसू नकोस. घरात दुसरं माणूस बोलतंय असं तरी वाटतं.

नाही, मी विषय बदलत नाहीये.

कसला कोड?… माझ्या फोनवर? थांब, बघते… नाही बुवा. काही आलेलं नाही… हो, नीट बघितलं. चष्मा?… चष्मा कुठे ठेवला कोण जाणे. मशीनपाशी असेल. कापडाखाली… नाही, डोक्यावर नाहीये… बरं, आहे डोक्यावर. तुला कसं कळलं?

हं. आलाय काहीतरी. सहा आकडे आहेत… हे बघ, इथे लिहिलंय, हा कोड कुणालाही सांगू नका. अगदी स्पष्ट लिहिलंय… तू कुणीही नाहीस, कबूल. पण ‘कुणालाही’ म्हणजे कुणालाही. पोरालाही असं काही वेगळं लिहिलेलं नाही… मागे त्या बँकेवाल्यांनी किती बजावलं होतं! उद्या काही झालं तर?… गाण्यांच्या खात्यातून काय चोरीला जाणार, ते मला नको विचारू. चोराला विचार.

संपली मुदत?… बघ, तुझ्याच बडबडीत संपली. राहू दे मग. देवाच्याच मनात नाही. तू जा, काम कर.

अरे, खनपटीलाच बसलायस की! पुन्हा पाठवू नकोस… पाठवलास? काय घाई लागलीय तुला? कसली गाडी सुटतेय?

नाही. नाही सांगत.

नाही म्हणजे नाही… कारण काय असायचं? नको आहे मला, बस. माणसाला एखादी गोष्ट नको असू शकते की नाही?

हट्टी?… मी हट्टी? आणि तू रे? चालता येईना तेव्हापासून गुणगुणत फिरायचास घरभर, म्हणून तुला भुंग्या म्हणायला लागलो आम्ही. गप बस म्हटलं की आवाज वाढायचा. हट्टीपणा माझ्याकडूनच आला असेल, जा.

चिडत नाहीये मी… आवाज असाच आहे माझा.

…

नाही, आहे मी. फोन चालू आहे.

काय सांगू, भुंग्या?… अरे, सांगण्यासारखं असेल तर सांगेन ना.

…

बरं, ऐक. मधे बोलू नकोस. मधे बोललास तर मला पुढचं सांगता येणार नाही.

तुझं गाणं बंद पडलं की तू फोन करतोस… ऐक म्हटलं ना. बंद पडलं की करतोस. एरवी करतोस का?… दिवाणखान्यातला पंखा बिघडला होता, मी फोन केला, तू म्हणालास, आई, गिऱ्हाईक आहे, नंतर करतो. ते नंतर आलंच नाही. दात काढायला गेले होते, तेव्हाही नंतर. मी रागावले नाही रे. दुकान नवीन आहे, एकट्याच्या जिवावर चालवतोस, उभं राहून पायाचे तुकडे पडत असतील. कळत नाही का मला? पण एकदा चुकून माझ्याकडून गाणं लागलं आणि तुझं थांबलं. दोन मिनिटांत तुझा फोन. आई, काय करतेस, बंद कर ना. वैतागलेला होतास. पण म्हटलं, आवाज तर ऐकू आला.

मग… मग काय? मग लावायला लागले. दुपारी.

हो, मुद्दाम. आणि लावलं की फोन हातात घेऊनच बसते. आता हास नाहीतर ओरड.

…

अजून आहे. एकदाच सगळं सांगते, म्हणजे सुटले. ते गाण्याचं उघडलं ना, की खाली बारीक अक्षरांत येतं, अमुक गाणं वाजतंय, सलूनच्या स्पीकरवर. तू नावच दिलंयस ना त्याला, ‘सलून’. मी सकाळी उठले की आधी ते बघते. वाजायला लागलं की म्हणते, चला, पोरगं पोचलं, शटर वर गेलं. मग चहा टाकते. ढणढण काहीतरी असलं की म्हणते, आज स्वारी खुशीत आहे. आणि ते रडकं लावलंस की माझा दिवस जात नाही.

तुला ताप आला होता ना मागे? मी सकाळीच फोन केला होता, आठवतंय? तू म्हणालास, आई, तुला कसं कळलं? मी म्हटलं, आईला कळतं… कसलं कळतंय कप्पाळ! सलूनमध्ये काही वाजतच नव्हतं. शटर उघडायची वेळ उलटून गेली तरी नाही. जीव टांगणीला लागला माझा.

आता तू माझं वेगळं करून देणार. मग मला माझीच गाणी दिसणार. तुझं थांबणार नाही, माझं थांबणार नाही, कुणाला कुणाचा त्रास नाही. दोघांचा प्लॅन म्हणे! त्यात दोघं एकमेकांना दिसत नाहीत की भेटत नाहीत. पैसे वसूल होतात की नाही, विचारशील. माझे होतात. आत्ता आहे त्यातच होतात. तू भरतोस त्यातला एकेक पैसा वसूल होतो. गाणी नाही ऐकली तरी होतो.

…

भुंग्या?… आहेस ना?

रडत नाहीये मी. सर्दी आहे… बरं, रडतेय थोडी. तुला काय करायचंय? तुझे बाबा होते तोवर बेसूर का होईना, ते काहीतरी म्हणत असायचे. आता मशीन थांबलं की घर खायला उठतं. म्हणून मी मशीन थांबवत नाही. नर्सबाई म्हणतात, एवढ्या लवकर कसे हो देता कपडे? काय सांगू त्यांना?

नाही, नाही… सॉरी-बिरी म्हणू नकोस हं. मला नाही आवडत… आणि रोज फोन करीन असलं काही कबूलही करू नकोस. तुला जमणार नाही, मग तुला वाईट वाटणार, आणि तू वाईट वाटतं म्हणून फोनच टाळणार. ओळखत नाही का मी तुला?

राहू दे?… का राहू दे? अरे वा! आता दया करतोयस का म्हातारीवर? तुझ्या दुकानात रोज दुपारी गाणं बंद पडणार, गिऱ्हाईक म्हणणार, हा कसला सलूनवाला. ते नको. माझ्यापायी तुझा धंदा बसायला नको. सांगते कोड. घे लिहून. सांगते म्हणजे सांगते.

चार… सात… सात… एक… नऊ… दोन.

टाकलास?

चुकीचा?… काय म्हणतोस!

…

हो. शेवटचा आकडा मीच फिरवला. काय करू, आयत्या वेळी जिवावर आलं… हास, हास. दात विचकायला काय जातंय तुझं? दुकानात एकटाच हसत बसलायस, बाहेरून कुणी बघितलं तर म्हणेल, वेड लागलंय याला.

पाठव परत. या वेळी नीट सांगते… शप्पत… यायला किती वेळ लागतो?… लगेच? इथे नाही रे लगेच येत. इथे रेंजचा घोळ आहे. वेळ लागेल… मग तोवर बोल ना. कुणी नाहीये ना खुर्चीत?… मग बोल. काहीही. संध्याकाळी काय करतोस ते सांग.

झोपतोस कधी, ते मला नको सांगू. मला माहितीय. स्पीकर पार उशिरापर्यंत चालू असतो तुझा. मी सगळ्यांना सांगते, पोराचा धंदा जोरात आहे, रात्री जेवायच्या वेळेपर्यंत गिऱ्हाइकं हटत नाहीत.

अं?

नसतं कुणी?… मग गाणी कशाला चालू ठेवतोस?

…

शटर खाली ओढून?… आतच बसतोस? एकटा?… खोलीवर का नाही जात?… हं… हं… का, कुणी नाही का तिथे? तो मित्र होता ना?… कधी गेला सोडून?… आणि मला बोलला नाहीस.

अरे माझ्या राजा. आणि मी इथे ती गाणी बघून खूश व्हायची रे. म्हणायची, चाललंय बघ किती जोरात. देवा, मी अगदी… नाही, बोल तू. मी ऐकतेय. थांबू नकोस.

हं… आरशासमोर?… सगळे आरसे समोर असतात म्हणजे कसं वाटत असेल… हं. खुर्चीत फिरत बसतोस. लहान होतास तेव्हाही माझ्या मशीनच्या स्टुलावर गरगर फिरायचास. चक्कर येऊन पडला होतास… हो, तेव्हाच. ती खूण त्याचीच ना तुझ्या कपाळावर?… हं… मग?… मग पुढे काय झालं?

अं?… नाही रे, काही नाही वाजलं. मशीनला हात लागला.

नाही, कोड नाही आला अजून. तू बोल.