दंडावरचा दोरा

माझं माहेर राणीसावरगावचं, दिलं इकडं पेडगावच्या अंगाला, आन् सासऱ्यानं येशूचा मार्ग धरलेला म्हनून मीबी धरला, आपल्याला कोन इचारतंय. लग्न झालं तवा माझा दीर दानियल एवढुसा, आई मेलेलं लेकरू, माझ्याच ताटात जेवायचा, माझ्या हातच्या भाकरीबिगर त्याला घास जायचा न्हाई. तुमी लिहून घेताय म्हनून सांगते मास्तर, मला पोटचं झालं न्हाई, पर हे व्हतं.

आमच्या मंडळीत, म्हंजे चर्चात, येशूच्या आठवनीत समदे मिळून खातेत ती प्रभुभोजनाची भाकर मीच करते. महिन्याच्या पहिल्या ऐतवारी, गव्हाचं पीठ, सोडा न्हाई काई न्हाई, तव्यावर एकच जाड भाकर. पाळकसाहेब ती मोडतेत आन् समद्यांच्या हातावर ठिवतेत. मला त्याचा लय तोरा व्हता, खोटं कशाला बोलू.

तर औंदा दानियलला कावीळ झाली, पार डोळ्यात उतरली, परभनीला सरकारी दवाखान्यात टाकला. त्याच दिवसांत परभनीतच आमचा मेळावा, मंडप, भजनं, आमी गाडी करून गेलेलो. दानियलच्या बायकोचा, लीलाचा, फोन आला, अक्का, या जरा, मी एकलीच हाय. मी म्हनले, भिऊ नको बाई, आमी समदे गुडघे टेकून तुमच्यासाठी प्रार्थना करायलोत. मंडपापून दवाखाना किती, रिक्षात बसलं की आलाच. पर मी पुढच्या रांगेत बसलेले, बाया मला गाणं धरायला सांगायल्या, मी उठले न्हाई. मास्तर, मी उठलेच न्हाई.

लीलाजवळ बसली कोन, तर तिच्या घराशेजारची नूरबी. तिनं डबा आनला, त्याचे कपडे धुतले, आन् दर्ग्यातला काळा दोरा आनून त्याच्या दंडाला बांधला.

दानियल बरा होऊन मंडळीत आला त्यो नेमका पहिला ऐतवार. शर्ट अंगावर झोळच झालेला, बाही वर सरकली आन् दोरा दिसला. मला वाटलं, आता कुनी इचारंल, मोठी भावजय तू, गेलतीस का दवाखान्यात. त्याच्या आदीच मी उठून म्हनले, पाळकसाहेब, देवाच्या लेकराच्या दंडाला दोरा कशाला. बोट दुसऱ्याकडं केलं की आपल्याकडं कोन बघत न्हाई. पाळकसाहेब तरणे, नवे, ते म्हनले, दोरा सोडा, मग भाकर घ्या. लीला म्हनली, जिनं माझ्या मालकाची घाण काढली, तिचा दोरा मी सोडनार न्हाई. आन् त्याला हाताला धरून निघून गेली. भाकर मी भाजलेली, आन् दानियल तसाच गेला, माझ्या ताटात जेवलेला पोरगा.

येशूनं सांगितलंय, आजाऱ्याच्या दारी गेलात ते माझ्याच दारी आलात. मला ते तोंडपाठ हाय. पर गेली कोन, तर नूरबी. इतक्या वर्षांचं ऐकनं म्हंजे पालथ्या घड्यावर पानी.

परवा हिय्या करून लीलाच्या दारात गेले. म्हनले, चुकलं माझं. ती भांडे घासायली, वर बघितलं न्हाई. म्हनली, अक्का, बोललात चौघांत आन् चुकलं म्हनता माझ्या मोरीपाशी. दानियल आतून म्हनला, वैनी, च्या घेऊन जावा. घेतला, कपबशी तिच्या मोरीत धुऊन ठिवली आन् आले.

उद्या पहिला ऐतवार. पीठ चाळून ठिवलंय. तुमी म्हनताय, मावशी, तुमाला जमंना तर हे लिहिलेलं मी वाचून दाखवतो मंडळीत. नगं. त्या दिवशी माझ्या हातात कागद न्हवता, तोंडच व्हतं. त्याच तोंडानं सांगते, भाकर मोडायच्या आदी, की मी गेले न्हाई, आन् ते झाकायला दोरा दाखवला. लीला येईल का न्हाई ते तिचं तिच्यापाशी.

बसा, च्या टाकते. देव तुमचं भलं करो मास्तर, लेकराबाळांना सुखी ठिवो. आन् घरचं कोनी दुखन्याला पडलं, तर आदी उठून जावा. प्रार्थना मागून करा.