बाई बघतात तिकडे

बाई : आता तू कशाला रडतेस? रडायचं तर मी! तपासणीला आलेल्या साहेबांनी मला मागे उभं केलं, स्वतःचं इंग्रजी सूचनांचं रेकॉर्डिंग लावलं, आणि अख्खा वर्ग माना वळवून माझ्याकडे टकामका बघतोय. नाक कापलंत माझं.

मुलगी : मी नाही बघितलं, बाई.

बाई : तू बघून काय दिवे लावणार होतीस? पूस ते नाक.

मुलगी : रेकॉर्डिंगमध्ये आधी खिडकी बंद करायला सांगितलं. मग लाल पेन्सिल शेजारच्याला द्यायला. मग काहीतरी भरभर होतं, ते नाही कळलं. मग फळ्यावर चंद्र काढायला.

बाई : अगं! हे तुला कुणी सांगितलं?

मुलगी : कुणी नाही. ऐकलं.

बाई : मग ढिम्म काय बसून राहिलीस? उठायचं होतंस की! माझी अब्रू तरी वाचली असती.

मुलगी : तुम्हीच म्हणालात ना सकाळी, साहेब जाईपर्यंत तू जागची हलायची नाहीस.

बाई : म्हणाले खरं. पण रोज मी इंग्रजीत काही सांगितलं की तू सगळ्यांच्या नंतर उठतेस गं. ते पटकन उठतात, तू आपली बसलेली.

मुलगी : त्यांना आधीच कळतं. तुम्ही ‘विंडो’ म्हणायच्या आत खिडकीकडे बघता. ‘डोअर’ म्हणायच्या आत दाराकडे. मला मागून दिसत नाही, पुढे लंबू बसतो. मग मला सगळं ऐकावं लागतं.

बाई : अरे देवा! मुलांना धीर यावा म्हणून बघत होते मी. पटापट उठायची, चेहरे खुलायचे. मला वाटायचं, वा, काय शिकवते मी! आणि जी एकटी ऐकत होती तिलाच मी सगळ्यांसमोर मठ्ठ म्हणाले. लाज वाटते गं मला.

मुलगी : बाई, दप्तर आजच खालच्या वर्गात नेऊन ठेवू? तुम्ही म्हणालात ना, सोमवारपासून तिकडेच बसायचं?

बाई : ठेव ते जागेवर. कुठेही जायचं नाही.

आई : (दारातून) येऊ का, बाई? हिनं काही घोळ नाही ना घातला? तुम्ही काल म्हणालात, हिला ऐकून काही कळत नाही. म्हणून मीही बजावून पाठवलं होतं, तोंड उघडायचं नाही.

बाई : घोळ मी घातला. हिला सगळं कळतं. काल तुम्हाला सांगितलं ते चुकीचं होतं.

आई : असं कसं? तुम्ही उगाच स्वतःकडे घेताय, बाई.

बाई : उगाच नाही. ती याच वर्गात राहील.

आई : खरंच? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही हो माझ्या. अगं, बघत काय उभी राहिलीस? पाया पड बाईंच्या.

बाई : नको. तिला वाकायला लावू नका.