मगदूम सरांचा न नोंदवलेला विरोध

काकू, दादासाहेब, वाचनालयाच्या सभासदांनो, आणि साताऱ्याहून एस.टी.त उभ्यानं आलेल्या सरांच्या विद्यार्थ्यांनो,

आधी घोटभर पाणी पितो. इतकी वर्षं शाळेत शिकवतोय, बोलताना कधी अडखळलो नाही. आज अडखळतोय. तुम्ही म्हणाल, दुःखानं. दुःख आहेच हो. पण खरं सांगू? भीतीनं अडखळतोय.

साताऱ्याच्या मंडळींना मी कोण ते ठाऊक नसेल. मी लक्ष्मण गुरुजी. इथल्या शाळेत शिक्षक आणि या वाचनालयाचा चिटणीस. सभा बोलवायची, नोटीस काढायची, इतिवृत्त लिहायचं, ही माझी कामं. हे माझ्या शेजारी बसलेत ते दादासाहेब. वाचनालयाचे अध्यक्ष. माझी शाळाही त्यांच्याच संस्थेची. म्हणजे माझी भाकरी त्यांच्या हातात आहे. हे आधीच सांगितलेलं बरं.

आज मगदूम सरांच्या या शोकसभेत माझ्या आधी चौघं बोलले. चांगले बोलले. सरांनी साताऱ्याच्या कॉलेजात आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर सांगलीत बंगला बांधायचा सोडून इथं, पलूस-कुंडलच्या मधल्या या आपल्या गावात, वडिलांच्या घरात येऊन राहिले. सगळं खरं. पण चौघांपैकी एकानंही त्या एका सभेचा विषय काढला नाही. सगळ्यांनी लांबून वळसा घातला. कारण तो विषय काढला की माझं नाव निघतं. म्हणून मीच काढतो.

तुम्हाला सरांची खोड आठवते? कुठलाही ठराव येऊ दे, सर विचारणार, "विरोधात कोण बोलणार?" कुणी नाही म्हटलं, तर स्वतः उठणार. वाचनालयाला चुना लावायचा ठराव होता. सर उठले आणि चुन्याविरुद्ध दहा मिनिटं बोलले! आपले सुभेदार वैतागले; गाव सरांना मास्तरच म्हणायचं. म्हणाले, "आवं मास्तर, तुमाला चुना नगो हाय का?" सर म्हणाले, "हवाय की." "मग?" "मग काय? दुसरी बाजू कुणी ऐकलीच नाही, तर आपण ठरवलं असं म्हणायचं कसं?" आणि शेवटी चुन्याच्या बाजूनं पहिला हात त्यांनीच वर केला. आपण हसलो. मीही हसलो. येड्यासारखा हसलो.

आता आपली रीत सांगतो. साताऱ्याच्या मंडळींनी कान टवकारू नयेत, तुमच्याकडेही असंच चालत असणार. सभेच्या आदल्या दिवशी मी इतिवृत्त लिहून ठेवायचो. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. सभासद आले की पहिल्या पानावर हजेरीच्या सह्या करायच्या. मग चहा. मग घरी. आपल्याकडे सही आधी होते आणि सभा नंतर. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला तर त्यात हुशारी वाटायची.

मग आणीबाणी आली. वाचनालयातली दोन वर्तमानपत्रं बंद करावीत आणि सरकारच्या धोरणाचं अभिनंदन करावं, असा ठराव करायचं ठरलं. ठरलं म्हणजे, वरून निरोप आला. दादासाहेब मला म्हणाले, "गुरुजी, त्यो विषय शेवटाला घ्या. दिवस बुडायला लागला की मास्तर जेवायला घरला पळत्यात. ते गेलं की उरका."

सर जैन होते. दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचे नाहीत. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत. आम्ही त्या नेमाचाच फायदा घ्यायचं ठरवलं. मी आदल्या दिवशी ठराव लिहून ठेवला होता. सर्वानुमते. सभा चारला सुरू केली आणि मी वेळ काढत बसलो. फाटक्या पुस्तकांची यादी वाचली. नुसती नावं नाही, कुठलं पान फाटलंय तेही वाचलं. लाज वाटते सांगायला.

ऊन भिंतीवरून सरकत छताला गेलं. सुभेदारांनी सरांना हलवलं. म्हणाले, "मास्तर, जावा की आता. जेवायची येळ टळतीया." सर माझ्याकडं बघत म्हणाले, "आज उपास, सुभेदार."

त्यांना कळलं होतं. दिवस मावळला. काकू, तुम्ही घरी सरांचं ताट वाढून बसला होतात ना? ते उठले नाहीत. मग ठराव वाचायलाच लागला. मी वाचला. सर उभे राहिले. आवाज चढवला नाही, भाषण नाही. एवढंच म्हणाले, "माझा या ठरावाला विरोध आहे. नोंदवा."

हे दादासाहेबांना उद्देशून नव्हतं. मला म्हणाले. आणि मी म्हणालो, "नोंदवतो, सर."

नाही नोंदवला. पान लिहून तयार होतं, ते तसंच राहू दिलं. कोण कुणाला कधी उचलून नेईल याचा नेम नव्हता. घरात लग्नाची मुलगी. मी मनाला समजावलं, अरे, तू तर सरांना वाचवतोयस! कागदावर विरोध नाही म्हणजे सरांना धोका नाही. किती छान, बघा. दोन वर्षं हे स्वतःला सांगितलं. साफ खोटं. मी माझी कातडी वाचवली.

थांबा. दादासाहेबांनी चिठ्ठी दिलीय. "वेळ झाली." दादासाहेब, त्या दिवशी मी तुमच्यासाठी वेळ काढत बसलो होतो. आज थोडा सरांसाठी द्या.

आठ दिवसांनी फौजदार आले. कुणीतरी सरांच्या विरोधाची चुगली केली होती. इथंच, याच टेबलाशी, फौजदार, सर आणि मी. फौजदारांनी इतिवृत्ताचं पुस्तक उघडलं आणि मोकळे झाल्यासारखे हसले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, इथं तर सर्वानुमते लिहिलंय. हजेरीला तुमची सही हाय. मग तुमचा विरोध नव्हताच की. तसं लिहून द्या, मी चाललो." सरांनी पेन उचललं नाही. फौजदार म्हणाले, "का पुस्तक खोटं हाय? तसं असंल तर तसं लिहून द्या. मग या चिटणिसाचं काय करायचं ते आमी बघतो."

बघा कसा पेच होता. एक वाक्य लिहिलं की सर सुटणार, पण खोटे ठरणार. दुसरं लिहिलं की खरे ठरणार, पण मी जाणार. नोकरी जाणार, कदाचित आतही जाणार. मी सरांच्या तोंडाकडं बघत होतो. ज्याचा घात केला, त्याच्याकडंच मी जीव मागत होतो हो!

सर म्हणाले, "पुस्तकाचं मला विचारू नका. आज, आत्ता, या ठरावाला माझा विरोध आहे. हे लिहा. मी सही करतो."

फौजदारांनी दोनदा समजावलं. सरांनी सही केली. जीपमध्ये चढताना मला म्हणाले, "गुरुजी, पुढच्या सभेत दुरुस्ती करता येते."

सर दहा महिने आत होते. परत आले ते छातीत खोकला घेऊन. तोवर मी चार सभा घेतल्या. दुरुस्ती केली नाही. आणीबाणी उठली, त्यानंतर तीन घेतल्या. तेव्हा कसली भीती होती? कसलीच नाही. तेव्हा लाज होती.

आणि गावात काय बोललं जात होतं? पारावर, गुऱ्हाळावर, एस.टी.च्या थांब्यावर? "मास्तरनं सभेत मान डोलावली आन् फौजदाराम्होरं पुढारी झाला. पुस्तकात बघा की, सर्वानुमते हाय." जो माणूस चुन्याच्या ठरावालाही दुसरी बाजू मांडायचा, त्याला तुम्ही दुतोंडी म्हणालात. माझ्या पुस्तकाचा दाखला देऊन म्हणालात. सर त्यानंतर एकदाच माझ्याकडं आले. म्हणाले, "पुस्तक दाखवा." ते पान वाचलं. मिटलं. म्हणाले, "अक्षर सुंदर आहे तुमचं." पुन्हा कधी विषय काढला नाही.

सर शेवटचे आजारी असताना सांगलीच्या दवाखान्यात भेटायला गेलो होतो. तासभर बसलो. उसाच्या पाण्याच्या पाळीबद्दल बोललो, मोसंब्यांबद्दल बोललो. तेवढी एक गोष्ट सोडून सगळं बोललो. दाराशी वळून पाहिलं, तर ते माझ्याकडंच बघत होते. तरी आलो निघून.

आणि परवा काकूंनी मला विचारलं. काकू, सांगू ना? काकूंनी विचारलं, "गुरुजी, त्यांनी खरंच विरोध केला होता का हो? लोक म्हणायचे ते ऐकून मलाही शंका यायची. त्यांना विचारायचा धीर झाला नाही."

ऐकलंत? ज्या बाईनं दहा महिने त्यांच्याविना काढले, तिच्याही मनात माझं ते पान जाऊन बसलं. त्या क्षणापासून माझा डोळ्याला डोळा नाही.

तर आता काकू, उत्तर देतो. सगळ्यांदेखत देतो. हो. केला होता. उपाशी बसून केला होता. मी स्वतःच्या कानांनी ऐकला आणि मी तो गाडला.

हे ते पुस्तक. पान उघडंच आहे. मी घरी बसून यात ओळ घुसडलेली नाही. चिटणिसानं एकट्यानं असं करणं ही दुसरी लबाडी झाली असती. दुरुस्ती सभेनं करायची असते, हेही सरांनीच शिकवलेलं. आजच्या नोटिशीवर दोन विषय होते. एक, शोकप्रस्ताव. दोन, मागील इतिवृत्तातली दुरुस्ती. तुम्ही कुणी दुसरा वाचलाच नसेल. दादासाहेबांनीही न वाचता सही केली. आपली रीतच आहे ती.

दादासाहेब, हात धरू नका. उद्या मला शाळेतून काढायचं तर काढा. माझ्या नोकरीची दोनच वर्षं उरलीत. पण आज मी खाली बसणार नाही.

शोकसभेत शेवटी उभं राहायचं असतं. आज थोडं वेगळं करूया. त्या संध्याकाळी या खोलीत आपण नऊ जण होतो. सर गेले. आठ उरलो. आठही इथं आहोत, मी मघाशीच पाहिलंय. त्या दिवशी ज्यांनी सरांचा विरोध ऐकला, तेवढ्यांनीच आधी उभं राहा. साक्ष म्हणून. मी उभाच आहे. हा एक झाला.

कुणी नाही?

गड्यांनो, मान खाली घालून काय होणार? मीही तेच करत होतो. त्यानं झोप येत नाही, एवढं अनुभवानं सांगतो.

सुभेदार. उठलात. काय म्हणालात? मोठ्यानं बोला, मागं ऐकू द्या. "व्हय. म्या ऐकलाय. मास्तर उपाशी हुतं." लिहितो, सुभेदार. तुमच्याच शब्दांत लिहितो.

तीन. चार. पाच. रामभाऊ, सावकाश, काठी घ्या. सहा. सात.

काकू, तुम्ही रडू नका. म्हणजे रडा, पण वर बघा. सात माणसं उभी आहेत. तुमच्या माणसानं खरंच विरोध केला होता.

पान तेच, शाई आजची. लिहितो आणि वाचतो. "या ठरावास प्राध्यापक मगदूम यांनी विरोध केला होता. तो नोंदवला गेला नाही. चूक चिटणिसाची." खाली माझी सही. सर, उशीर झाला. लय उशीर झाला.

आता बाकीच्या सगळ्यांनी उभं राहावं. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही.

दादासाहेब, तुम्ही बसलेलेच आहात. बसा, जबरदस्ती नाही. या दुरुस्तीला तुमचा विरोध असेल तर आत्ता सांगा. मी तो नोंदवीन.