फोनवरची चिठ्ठी

दाताच्या दवाखान्यात शिंपीणबाईंच्या शेजारी एक आजी-आजोबा बसले होते.

“लेकाने परदेशी बायको केली, तेव्हापासून तुम्ही घरभर इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या डकवताय,” आजी आजोबांना म्हणाल्या.

“शब्द पाठ झाला की काढतो ना.”

“फ्रीजवरची काढलीत, कपाटावरची काढलीत. फोनवरची ‘सॉरी’ दोन महिने तशीच आहे.”

“असू दे.”

“उच्चार येत नाही?”

“येतो.”

“अर्थ?”

“न कळायला काय झालं? लग्नाला गेलो नाही, तेव्हापासून कळतोय.”

“मग वापरच राहिलाय. लावू सूनबाईला फोन?”

“इथे? लोक ऐकतील.”

आजींनी फोन लावलासुद्धा.

तेवढ्यात आतून शिंपीणबाईंना हाक आली.

“पुढच्याला घ्या हो,” त्या म्हणाल्या. “माझा दात आत्ताच थांबलाय दुखायचा.”