खाडीलगतची विहीर

चहा घ्या, पण सरकारी योजनांचं कौतुक माझ्यापुढे नको. अजून डोकं तापतं. गावची विहीर अस्पृश्यांना खुली करा, असा हुकूम आला. गावकरी अडून बसले, तेव्हा लोकल बोर्डाने हुकूम बजावायचं सोडून वस्तीसाठी निराळी विहीर खणली, तीही खाडीला लागून.

बोर्डाचे साहेब पाहणीला आले. वस्तीतली सखूबाई तांब्या भरून पुढे झाली.

“साहेब, पयला घोट तुमचा.”

विटाळ मानत नाही हे दाखवायला साहेबांनी सगळ्यांदेखत मोठा घोट घेतला आणि लगेच थुंकून टाकला.

“खारा हाय ना?” सखूबाई म्हणाली. “आमच्या पोरांनी हाच पानी प्यायचा?”

साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं आणि कारकुनाला सांगितलं, “लिहा, विहिरीला पाणी भरपूर आहे.”